वाण परत मागणारी खासदार

मेई, ताओचा फोन आला तेव्हा मी साबुदाणा भिजत घालत होते. तुझा नवरा फोनवर कधी पाल्हाळ लावत नाही. "शी इज गॉन," एवढंच तो म्हणाला, आणि मी ओला हात फडक्याला पुसत विचारलं, "आता कुठे?" तू नेहमी कुठेतरी गेलेलीच असायचीस ना. कुणाच्या तरी दारात, कुठल्या तरी मीटिंगला, नाहीतर पाणी तुंबलेल्या एखाद्या गल्लीत. ताओने तेच तीन शब्द पुन्हा म्हटले. मग मला कळलं. साबुदाणा तसाच ओट्यावर राहिला आणि मी स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसून रडले. अविनाश ऑफिसातून येईपर्यंत मला उठताच आलं नाही, आणि शारजाच्या ट्रॅफिकमधून तो किती वाजता येतो हे तुला वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी ताओने तुझ्यावरच्या तिकडच्या बातम्या पाठवल्या. फोनला भाषांतर करायला लावून मी त्या वाचल्या. आधी वस्तीची प्रमुख, मग नगरसेविका, मग तैवानच्या संसदेत खासदार. चार ओळींत तुला जिना चढवून मंडळी मोकळी झाली. आमच्या अल नहदा भागाचा उल्लेख कुठेच नाही. मला त्याचा जरा रागच आला. तुझी पहिली निवडणूक शारजातल्या आमच्या टॉवरमध्ये झाली, मतपेटीवाचून, हे त्या पत्रकारांना कोण सांगणार? म्हणून मीच लिहायला बसले. तुझं सगळं बोलणं इथे मराठीत येईल. आपलं दोघींचं इंग्रजी हापिसापुरतं, त्यात माझी हिंदी आणि इथल्या अरबांकडून उचललेलं तुझं "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, चला. तू इतकं धड कधीच बोलली नाहीस, पण गेलेल्या माणसाच्या तोंडी जरा बरी भाषा घालायची आमच्यात रीत आहे.

तू आलीस तो दिवस मला आठवतो. ताओ आणि मी दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एकाच कंपनीत होतो. कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणारी कंपनी, तो इंजिनियर, मी अकाउंट्सला. त्याने बायको-मुलीला आणलं आणि भाडं परवडावं म्हणून माझ्याच सांगण्यावरून आमच्याच मजल्यावर फ्लॅट घेतला. सामान लागायच्या आत तू अननसाच्या वड्यांची बशी घेऊन माझ्या दारात उभी. मला वाटलं, आता ही भाजी कुठे मिळते आणि पाणी कधी जातं ते विचारणार. तू विचारलंस, "या बिल्डिंगमध्ये लोकांना कशाचा त्रास होतो?"

मी कोल्हापूरची. तक्रारीची पोतडी सोडायला मला आमंत्रण लागत नाही. लिफ्ट, पार्किंग, वरच्या मजल्यावरून टपकणारा एसी, सगळं तुला उभ्या उभ्या ऐकवलं. तू बूट काढून आत आलीस, सोफ्यावर बसलीस आणि म्हणालीस, "आता पुन्हा सांग. सावकाश." अशी तू.

त्या वर्षी शाळेची बस मुलांना रस्त्याच्या पलीकडे सोडायची. तुझी यून आणि माझी सई, दोघी चिमुरड्या, पाठीवर दप्तर घेऊन भरधाव गाड्यांमधून अलीकडे यायच्या. आम्ही आया रोज उन्हात उभ्या राहून ड्रायव्हरला शिव्या घालायचो आणि मुलांचा हात धरून घरी यायचो. मन हलकं व्हायचं, बस तिथेच थांबायची. तू म्हणालीस, "ड्रायव्हरच्या हातात काय आहे?" आणि टॉवरमधलं एकेक दार वाजवायला लागलीस. मला हिंदी बोलायला बरोबर घेतलंस. माझी पद्धत अशी, की दारातूनच काम सांगायचं आणि पुढचं दार गाठायचं. तू मात्र आत जाऊन बसायचीस. मल्याळी बाईच्या सासूचे गुडघे, इजिप्शियन मास्तरांच्या मुलाची दहावी, लाहोरच्या आपाचा मधुमेह, सगळं ऐकून घ्यायचीस, चहा प्यायचीस आणि उठता उठता बसचं काढायचीस. एका मजल्याला अख्खी संध्याकाळ. मी मनात म्हणायचे, ही बाई बसचा प्रश्न सोडवेल तोवर पोरी कॉलेजात जातील.

पण तू आरडाओरडा केला नाहीस, अर्जविनंत्याही केल्या नाहीस. बसवाल्या कंपनीच्या मॅनेजरला चहाला बोलावलंस. बरोबर बस यायच्या वेळी, रस्त्याच्या त्या बाजूला, आणि सगळ्या आयांनी घरून काही ना काही खायला आणलेलं. तो सामोसा खात असताना बस आली आणि मुलं त्याच्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडायला लागली. त्याचा सामोसा हातातच राहिला. त्यानंतर बस आमच्या गेटच्या आत यायला लागली. नातूर म्हणजे आमचा वॉचमन, तो अजून सांगतो, "वो चायना मॅडम का बस." तैवान, चायना नव्हे, असं तू त्याला किती वेळा सांगितलंस, पण तेवढा एक मतदार तुला पटवता आला नाही.

"तू निवडणुकीला उभी राहा गं," मी तेव्हा चेष्टेत म्हटलं होतं. त्यावर तू मला विचारलंस, तुमच्या घरात कोण उभं राहिलंय? मग आमच्या अण्णांची गोष्ट सांगावी लागली. अण्णा एकदा नगरपालिकेला उभे राहिले होते. गल्लीतल्या प्रत्येकाने "तुम्हालाच" म्हणून सांगितलं आणि डिपॉझिट जप्त झालं. तेव्हापासून राजकारण आपलं काम नव्हे, हा आमच्या घरचा कायदा. तू फार गंभीर होऊन ऐकलंस आणि विचारलंस, "ते लोकांच्या घरात जाऊन बसले होते का?" नव्हते बसले. अण्णा रिक्षात लाउडस्पीकर लावून फिरले होते.

आणि मग माझं हळदीकुंकू. तुझ्या सगळ्या कारकिर्दीत या हळदीकुंकवाने जो घोळ घातला, त्याचं श्रेय मी कुणाला देणार नाही. संक्रांतीला मी मजल्यावरच्या बायकांना बोलवायला निघाले, तर तू बरोबर. कुंकू का लावतात, तिळगूळ का देतात, सगळं विचारलंस. वाण म्हणजे काय, तर येणारीला द्यायची एखादी छोटी उपयोगी वस्तू, वाटी, चमचा, डबी. वाण आम्ही 'लुटतो' म्हणतो हे ऐकून तू टाळ्याच वाजवल्यास. "म्हणजे प्रत्येक बाई प्रत्येकीच्या घरात जाते? दर वर्षी? आणि वर भेट? मग तुमच्याकडे निवडणूक हरतं तरी कोण?"

"माझे वडील," मी म्हटलं.

ताओचं इथलं काम संपलं आणि तुम्ही परत गेलात, त्यानंतर पहिली मोठी बातमी तू फोनवर ओरडूनच दिलीस. तुझ्या माहेरच्या गावात, दक्षिणेतल्या त्या नाल्याकाठच्या वस्तीत, जुने वस्तीप्रमुख निवृत्त होत होते आणि तू उभी राहणार होतीस. वस्तीप्रमुख म्हणजे आमच्याकडच्या नगरसेवकाच्याही खालची पायरी, चार-दोन गल्ल्यांचा कारभार. "मला वाण पाहिजे," तू म्हणालीस. मी हुरळले. सुट्टीत कोल्हापूरला गेले तेव्हा भांड्यांच्या दुकानातून स्टीलच्या वाट्या घेतल्या. नुसत्या वाट्या कशा द्यायच्या? आमच्यात भांड्यावर नाव घालतात. दुकानदार मशीन घेऊन बसला आणि विचारलं, काय घालू? मी सांगितलं, "मेईकडून सप्रेम भेट." त्याने वर बघितलं. "मेई कोण?" म्हटलं, "आमच्या उमेदवार." ताओ कंपनीच्या कामाला दुबईत आला तेव्हा ते जड खोकं त्याच्या गळ्यात मारलं. सीमाशुल्कवाल्यांना त्याने काय सांगितलं, ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही.

तू त्या वाट्या घरोघर वाटल्यास. कुणाला मराठी वाचता येत नव्हतं, त्यामुळे लोकांना वाटलं, नक्षी आहे. आठवडाभर सगळं गोड चाललं आणि मग तुझ्या विरोधकाने तक्रार केली, की ही बाई भांडी वाटून मतं विकत घेते. तुमच्याकडे उमेदवाराने कागदी रुमालाचं पाकीट दिलं तर चालतं, स्टीलची वाटी चालत नाही, हे तुला माहीत असायला हवं होतं आणि मला नसलं तरी चाललं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तुला कचेरीत बोलावलं. तिथल्या साहेबाला तू हळदीकुंकू समजावून सांगत बसलीस. त्या बिचाऱ्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, की प्रथा छान आहे, पण वाट्या परत घ्या.

"वाण परत घेत नाहीत!" मी फोनवर किंचाळले. "अगं, अशुभ असतं ते!"

"कायद्यात शुभ-अशुभ नाही," तू म्हणालीस. आवाज रडवेला झाला होता. तुला खात्री होती, की तू हरलीस.

आणि मग तू तीच दारं पुन्हा वाजवलीस. वाटी परत मागायला. कुणी त्यात लोणच्यासारखं काहीतरी भरलं होतं, कुणी मुलाला भात भरवत होतं. लोकांना तुझ्यापेक्षा जास्त लाज वाटली. वाटी घासून, पुसून आणेपर्यंत तुला बसवायचे, चहा द्यायचे आणि तेवढ्या वेळात गटारापासून जावयापर्यंत सगळं सांगायचे. पहिल्या वेळी तू मत मागायला आलेली बाई होतीस, दुसऱ्या वेळी फजिती झालेली शेजारीण. तू निवडून आलीस. तुझ्या विरोधकाने तक्रार केली नसती तर काय झालं असतं, यावर आपण दोघींनी फार वेळ वाद घातला आहे. मी म्हणायचे वाटीने जिंकवलं, तू म्हणायचीस वाटी परत घेतल्याने.

ती वस्तीप्रमुखाची वर्षं तुझी सगळ्यांत सुखाची, हे माझं मत. तुमच्याकडे कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते आणि लोक पिशव्या घेऊन घराबाहेर येतात. तू रोज तुझी पिशवी घेऊन त्या गाडीच्या मागे उभी राहायचीस आणि मला व्हिडिओ दाखवायचीस. "हे बघ माझं ऑफिस." मागे गाणं, कुत्री, म्हाताऱ्यांची चेष्टामस्करी. कुणाचा दिवा गेला, कुणाचा मुलगा बोलत नाही, सगळं तुला तिथेच कळायचं.

नगरसेविकेच्या निवडणुकीला तू आम्हा दोघांना बोलावून घेतलंस. तुझं नाव लिहिलेलं बिनबाह्यांचं जाकीट मला घालायला लावलंस. त्यावर काय लिहिलंय हे न कळता मी तीन दिवस तुझा प्रचार केला. लाल प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून जेवले, माणूस दिसला की वाकले. अविनाश म्हणाला, "घरात कधी वाकत नाहीस!" तिथेच आमाची ओळख झाली. आमा म्हणजे आजी. सगळी वस्ती तिला तेवढंच म्हणते. नाल्याच्या काठावर तिचं घर, घराच्या पुढच्या खोलीत पहाटेपासून सोयाचं दूध आणि तोफू विकायची. तुला लहानपणापासून ओळखणारी, तुझ्यासाठी पहिलं मत मागणारी. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं, वाडगाभर गरम दूध पुढे ठेवलं आणि तुला काहीतरी म्हणाली. तू भाषांतर केलंस, "ती म्हणते, हिला सांग, हिने पाठवलेली वस्तू मला परत द्यावी लागली, याचा मला अजून राग आहे."

मग तू राजधानीत गेलीस. खासदार. त्या दिवशी मी मजल्यावर पेढे वाटले. लोक विचारायचे, "सईला ॲडमिशन मिळाली?" मी सांगायचे, "नाही, आमची मैत्रीण पार्लमेंटमध्ये गेली." सई तेव्हा म्हणाली, "आई, शी इज लिटरली फेमस नाउ, अँड शी स्टिल आस्क्ड अबाउट माय ब्रेसेस."

तुला आठवतं, मी तेव्हाच म्हटलं होतं, की आता तुला दारं दिसणार नाहीत, आकडे दिसतील. तू चिडलीस. दर शुक्रवारी संध्याकाळी राजधानीतून गावी जाणाऱ्या आगगाडीत बसलीस की मला फोन. इथे तेव्हा दुपार, आमचा शुक्रवारचा अर्धा दिवस संपवून मी अविनाशच्या गाडीत, आणि गाडी शारजाच्या वाटेवर जागच्या जागी. आपण किती प्रश्न सोडवले त्या ट्रॅफिकमध्ये! मी सल्ले द्यायचे आणि अविनाश म्हणायचा, ही उंटावरून शेळ्या हाकते. त्याचा अर्थ तुला समजावून सांगितला तेव्हा तू इतकी हसलीस, की तुझ्या डब्यातले लोक बघायला लागले. तेव्हापासून फोन उचलताच तू विचारायचीस, "उंट काय म्हणतोय?"

आणि अशाच एका फोनवर आपलं खरं भांडण सुरू झालं.

"नाला रुंद करायचाय," तू म्हणालीस. "दर वादळात अर्धं शहर पाण्यात जातं. आता संसदेतून पैसे मंजूर होतील. पण एका काठची घरं जातील."

"कुठल्या काठची?"

"माझ्या. आमाची पहिली."

"मग दुसऱ्या काठची घ्या म्हणावं."

"दुसऱ्या काठावर जाऊन आले मी. तिथे बाहेरच्या देशांतून आलेले कारखान्यातले कामगार राहतात. एका खोलीत सहा-सहा जण. आमाच्या बाजूला नवी घरं देता येतील, मालकी आहे त्यांची. या लोकांना काहीच मिळणार नाही. आणि त्यांना मत नाही. म्हणून सगळे म्हणतायत, की त्याच काठाने जाऊ."

"तुला निवडून कुणी दिलं? आमाने. आपल्या माणसांचं आधी बघायचं असतं, मेई."

"आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं," अविनाश पुटपुटला. मी त्याला समोर बघून गाडी चालवायला सांगितलं, जरी गाडी चालत नव्हती.

"आपण अल नहदात होतो," तू म्हणालीस, "तेव्हा आपल्याला कुठे मत होतं?"

मी तो प्रश्न बाजूला सारला. मी म्हटलं, पुराचं मला सांगू नकोस, माझ्या माहेरात पाणी शिरलेलं आहे, भिंतीवर अजून रेघ आहे. पण म्हातारपणी माणसाचं घर काढून घेणं हे पुरापेक्षा वाईट. आमाला नव्या फ्लॅटचं काय करायचंय? तिथे ती तोफू कुठे विकेल? वस्तीप्रमुख असतीस तर तू घरं पाडणाऱ्या मशीनपुढे आडवी पडली असतीस!

"पडले असते," तू म्हणालीस. "तेव्हा माझं काम तेवढंच होतं."

तू तुझ्या काठच्या विरोधात मत दिलंस. मला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही, आणि तू गेलीस म्हणून मी मत बदलणार नाही. तसं केलं असतं तर तूच मला माफ केलं नसतंस.

पण त्यानंतर तू जे केलंस, ते मी उभ्या आयुष्यात कुठल्या पुढाऱ्याला करताना पाहिलेलं नाही. दर शनिवारी तू तुझ्या त्याच काठावर जाऊन एकेक दार वाजवलंस. मत मागायला नाही, काही द्यायला नाही, परत मागायलाही नाही. नुसत्या शिव्या खायला. कुणी तोंडावर दार लावलं, एकाने अंगावर पाणी टाकलं. शिव्या तू मला भाषांतर करून सांगायचीस आणि मी त्यांना कोल्हापुरातल्या जोडीच्या शिव्या सांगायचे. हळूहळू लोक आत घ्यायला लागले. कुठे चहा, कुठे भांडण, कुठे नव्या घराच्या नकाशावर बोट. एकच दार उघडेना. तू येताना दिसलीस की आमा दुकानाचं शटर खाली ओढायची. गिऱ्हाईक आत असलं तरी.

कित्येक महिने तू त्या शटरसमोरच्या स्टुलावर बसून राहिलीस. मी म्हटलं, सोड आता, तिचं बरोबर आहे. तू म्हणालीस, "बरोबर आहे म्हणूनच तर बसायचं." मी तुला विचारलं, खासदार बाईला हे शोभतं का? तू म्हणालीस, "शोभायचं काम टीव्हीवर करते मी. यल्ला, ठेवते फोन, शटर हललंसं वाटतंय." ते वाऱ्याने हललं होतं.

खरं सांगू, त्या महिन्यांत मला तुझी काळजी वाटायची. तू वर गेलीस त्याची किंमत म्हणून खालचं घर कायमचं बंद होईल की काय, असं वाटायचं. तुला दिल्लीसारख्या त्या राजधानीत शंभर दारं उघडी होती. पण तुला एवढं एकच हवं होतं, हे मला इथून, इतक्या लांबून दिसत होतं.

आणि मग मागच्या शनिवारचा फोन. अवेळी तुझा फोन म्हणून मी घाबरूनच उचलला.

"उघडलं!" तू ओरडत होतीस. "उघडलं गं, उघडलं!"

"माफ केलं तिने?"

"छे! तासभर शिव्या दिल्या. माझ्या आईचा, आजीचा उद्धार केला. मग म्हणाली, उपाशी आहेस का? आणि दूध दिलं. मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं. म्हटलं, वाळवंटात माझी मैत्रीण आहे, ती पहिल्यापासून तुझ्या बाजूची. आमा खूश झाली."

"बघ!" मी म्हटलं. "म्हणजे मी बरोबर होते."

"संक्रांतीला येते, तेव्हा ठरवू," तू म्हणालीस. "इन्शाल्ला. वाण काय देणार आहेस?"

त्यानंतर चार दिवसांनी तू ऑफिसात खुर्चीवरून उठलीस आणि कोसळलीस, असं ताओ सांगतो. दुखलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर तसं म्हणतातच. पण मी विश्वास ठेवायचं ठरवलं आहे. शनिवारचा तुझा आवाज माझ्या कानात आहे, आणि एवढ्या आनंदात माणसाला पाठवता येणं हेही काही थोडं नाही. मी रोज रडते आणि रोज कधीतरी हसते. परवा लिफ्टमध्ये नातूरने विचारलं, "चायना मॅडम कैसी है?" मी त्याला सांगितलं. तो टोपी काढून उभा राहिला, माझा मजला आला तरी दार धरून.

आता जे मी तुला कधी म्हटलं नाही ते. आमच्यात तोंडावर कौतुक करत नाहीत, दृष्ट लागते. तुझ्यामुळे मला माझ्या मजल्यावरच्या माणसांची नावं कळली. त्याआधी कितीतरी वर्षं मी इथे राहत होते आणि परत कधी जायचं एवढाच हिशेब करत होते. तू आलीस आणि मला शेजार मिळाला. मला तुझा फार अभिमान वाटतो, मेई. अण्णांना तुझी गोष्ट सांगायला मिळाली नाही, त्याचं वाईट वाटतं. त्यांना पटलं असतं, की डिपॉझिट लाउडस्पीकरने घालवलं.

काल तुझ्या निरोपाच्या वेळी यूनने व्हिडिओ कॉल लावला. अविनाश आणि मी टेबलावर फोन उभा करून बसलो. पांढरी फुलं, तुझा हसरा फोटो, रांगेत तुझ्या पक्षाची मोठी मंडळी, त्यांच्यामागे वस्ती. दुसऱ्या काठावरचे कामगारही आले होते, कारखान्याच्या कपड्यांतच. यून इकडून तिकडे फोन फिरवत होती, तेवढ्यात मध्येच एक सुरकुतलेला हात आला आणि पडदाभर आमा दिसली. डोळे सुजलेले. तिने मला ओळखलं. यून आमचं बोलणं इकडून तिकडे सांगत होती.

"ती तूच ना? घरं वाचव म्हणून तिच्याशी भांडणारी?"

"हो, आमा. मीच."

"बरोबर होतीस तू."

अविनाशने माझ्याकडे बघितलं. आमा फोनच्या अगदी जवळ आली.

"त्या मोठ्या घरात बसून माझं घर पाडायला हात वर करणारे पुष्कळ होते," ती म्हणाली. "माझ्या दारात येऊन बसणारी ती एकटीच."

मी मान हलवली. त्याचं भाषांतर यूनला करावं लागलं नाही.

दारं की आकडे, हे भांडण तू जिंकलीस, मेई.